मोटार नाही, पंप नाही. मग ही कारंजी उडायची कशी?

श्रीनगरच्या निशात बागेच्या फाटकाशी आमच्या टूर मॅनेजरनं हात वर करून जाहीर केलं, "पंचेचाळीस मिनिटं. सव्वाचारला सगळे बसमध्ये." चाळीस जणांपैकी निम्मे काश्मिरी पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढायला पांगले. उरलेले पहिल्याच कारंज्यापाशी अडकले. माझी आत्या मात्र कारंज्याकडे पाठ फिरवून, कमरेवर हात ठेवून, डोंगराकडे बघत उभी होती. गुहागरकडच्या आमच्या वाडीत तिनं उभा जन्म पोफळींना पाटाचं पाणी देण्यात घालवलाय. पाणी दिसलं की ते कुठून आलं हे आधी बघायचं, ही तिची खोड.

"वरनं पाणी येतंय म्हटल्यावर उडणारच रे," ती म्हणाली. "त्यात काय नवल? पण शेवटच्याला पुरतं कसं?"

बाकीचे लोक "तेव्हा वीज नव्हती, तरी बघा!" म्हणून थक्क होत होते आणि आत्यानं थेट मुद्द्यालाच हात घातला. वाडीत पाटाच्या तोंडाशी असलेल्या आळ्यात पाणी धो धो पडतं आणि टोकाच्या आळ्यात पोचेपर्यंत करंगळीएवढी धार उरते. इथं तर एका रांगेत कारंज्यांमागे कारंजी आणि सगळी साधारण एकाच उंचीची. हे कसं जमवलं?

उत्तराची सुरुवात आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीपासून करू. चार मजली इमारतीत तळमजल्यावर बादली बघता बघता भरते आणि चौथ्या मजल्यावरचे लोक शॉवरखाली उभं राहून सोसायटीला शिव्या घालत असतात. टाकी तीच, पाणी तेच. फरक असतो तो टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तुमचा नळ यांच्यातल्या उभ्या अंतराचा. प्रत्येक मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम पाण्याचं वजन येतं, बस्स. टाकी १,००० लिटरची असो की १०,०००ची, त्या नळाला काही फरक पडत नाही. चौथ्या मजल्याच्या डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर पाणी, तळमजल्याच्या डोक्यावर बारा-तेरा मीटर. दाब तेवढ्याच पटीत.

आता तळमजल्यावरचा नळ काढून त्या जागी तोंड वर केलेली नळी बसवा. झालं कारंजं. पाणी आपली मूळ पातळी गाठायला बघतं आणि वाटेत नळी संपली म्हणून हवेत उडतं. मात्र टाकीच्या पातळीच्या वर ते जन्मात जाणार नाही. तिथपर्यंतही पोचत नाही, कारण थोडा जोर नळीच्या भिंतींशी घासण्यात जातो, थोडा हवेशी झगडण्यात आणि थोडा वरून परतणाऱ्या स्वतःच्याच थेंबांना टक्कर देण्यात. वेगाचा हिशोब असा : डोक्यावर सव्वा मीटर पाणी असेल तर नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर. उंची चौपट केली, म्हणजे ५ मीटर, तर वेग दुप्पट होतो, सुमारे १० मीटर. धार मात्र उंचीच्याच प्रमाणात चढते : चौपट उंचीला चौपट उंच.

म्हणजे कारंजं उडवायला जो ऐवज लागतो तो पाणी नाही, उंची. पाणी लागतंच, पण ते खर्च होत नाही, उडून परत खाली येतं. खर्च होते ती उंची. ही एक गोष्ट डोक्यात बसली की मोगल बागा वाचता येऊ लागतात. बागेचा मालक डोंगराच्या पायथ्याशी उंचीचा खजिना ताब्यात घेतो आणि तळ्यापर्यंत जाता जाता तो हप्त्याहप्त्यानं उधळतो.

निशात ही आसफ खानाची बाग. आसफ खान म्हणजे नूरजहानचा भाऊ आणि शाहजहानचा सासरा. १६३३ च्या सुमारास त्यानं ती दल सरोवराच्या पूर्व काठावर, झबरवान डोंगराच्या उतारावर बांधली. पायऱ्यांसारखे बारा टप्पे, बारा राशींसाठी, असं सांगतात. जवळच असलेली शालिमार जहांगीरची. १६१९ च्या सुमारास तिला सुरुवात झाली, पुढे शाहजहानच्या काळात काश्मीरचा सुभेदार जफर खान यानं ती वर वाढवली. शालिमारचे टप्पे कमी पण ऐसपैस. खाली सर्वांसाठी दिवाण-ए-आम, मधे बादशहाचा दिवाण-ए-खास, सर्वांत वर जनानखाना. पाणी मागच्या हरवनच्या बाजूनं उतरतं, मधोमध वाहणाऱ्या नहरीतून सगळे टप्पे ओलांडतं आणि दलमध्ये जातं.

डोंगरउतार तसाच ठेवून त्यावर पाणी सोडलं असतं तर ते धावत सुटलं असतं, मातीही घेऊन गेलं असतं. कोकणात आपण उतारावर मजग्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाडतो त्या याच भीतीनं. टप्पे पाडले की पाणी सपाटीवर शांत चालतं आणि सगळी उडी एका कडेवर मारतं. निशातची मधली नहर सुमारे ४ मीटर रुंद असली तरी खोली जेमतेम वीतभर, २० सेंटिमीटरच्या आसपास. मला हा चलाखपणा फार आवडला. थोडंसं पाणी पसरून ठेवलं की डोळ्याला नदी दिसते.

खरी युक्ती नहरीच्या तळाखाली पुरलेली असते. वरच्या टप्प्यावरच्या पाण्यातून एक नळ काढायचा, तो मधल्या भिंतीतून खाली आणून खालच्या टप्प्याच्या नहरीखालून न्यायचा आणि ठिकठिकाणी तोंडं वर काढायची. दोन टप्प्यांमध्ये जेवढी उंची, तेवढा या कारंज्यांना दाब. उडालेलं पाणी त्याच नहरीत पडतं, पुढच्या कडेपर्यंत वाहतं आणि तिथून पुन्हा तोच खेळ. एकच पाणी प्रत्येक टप्प्यावर नव्यानं कारंजं होतं.

मग मनात येतं, एकच नळ अगदी वरून थेट तळापर्यंत का नाही आणला? खालची कारंजी ताडमाड उडाली असती! उडाली असती खरी, पण वरच्या टप्प्यांच्या वाट्याला काही उरलं नसतं आणि खापरी नळ त्या दाबानं फुटले असते. भाजलेल्या मातीचे, चुन्यानं सांधलेले नळ दोन-चार मीटरचा दाब बिनतक्रार सोसतात, पंधरा-वीस मीटरला त्यांचे सांधे दगा देतात. टप्प्याटप्प्यानं उंची वापरली की प्रत्येक नळावर थोडकाच बोजा येतो. म्हणूनच मोगल कारंजी युरोपातल्यांच्या मानानं बुटकी असतात. आकाशाला भिडण्यापेक्षा बुडबुडत, कुजबुजत राहण्याचा त्यांचा स्वभाव. मला तो बरा वाटतो, बाजूला बसून बोलता तरी येतं.

उलट फ्रान्समधल्या व्हर्सायची गत बघा. जागा सपाट, डोंगर नाही, आणि चौदाव्या लुईला हवी शेकडो कारंजी. सेन नदीचं पाणी चढवायला १४ प्रचंड चाकांचं यंत्र उभारलं, तरी पाणी पुरेना. शेवटी राजा ज्या बाजूला चालला असेल तिकडची कारंजी सुरू करायची, तो पुढे गेला की बंद. माळी शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा द्यायचे. म्हणजे जगातला सगळ्यात दिमाखदार राजा आणि त्याच्या बागेत भारनियमन!

पाणी खरोखर किती लागत असेल, याचा मी बसमध्ये मोबाइलवर हिशोब केला. समजा कारंज्याचं तोंड १ सेंटिमीटर व्यासाचं आणि डोक्यावर सव्वा मीटर पाणी. एका कारंज्यातून सेकंदाला साधारण एक तृतीयांश लिटर. अशी शंभर धरली तर सेकंदाला ३५ लिटरच्या आसपास. १०,००० लिटरचा टँकर पाच मिनिटांच्या आत रिकामा! उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा चटका लावतो. पण तेच ३५ लिटर खालच्या टप्प्यावरही चालतात, त्याच्या खालच्याही. डोंगरावरचं बर्फ वितळतंय तोवर हा नळ कुणी बंद करत नाही.

आता आत्याचा प्रश्न. शेवटच्याला पुरतं कसं?

बागेत झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, हे आपण लहानपणापासून करत आलोय. अंगठ्यानं दाब वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. टाकीची उंची तीच राहिल्यावर दाब येणार कुठून? घडतं ते वेगळं. तोंड मोकळं असताना नळीतून पाणी सुसाट धावतं आणि नळीच्या लांबीशी घासून बहुतेक सगळा जोर वाटेतच खर्ची पडतो. तोंड बारीक केलं की नळीतला प्रवाह मंदावतो, घासणं कमी होतं आणि टाकीची उंची जवळजवळ अखंड नळीच्या तोंडापर्यंत पोचते. जोर वाढत नाही, वाचतो.

रांगेतल्या कारंज्यांचं गणित हेच. मुख्य नळ जाडा ठेवायचा, कारंज्यांची तोंडं त्या मानानं बारीक. नळातलं पाणी संथ चालतं, वाटेत फारसा जोर गमावत नाही आणि पहिल्या कारंज्याला जो दाब, जवळपास तोच शेवटच्याला मिळतो. आमच्या वाडीचा पाट उलटा आहे : आळ्यांची तोंडं मोठी, पाट लहान. पहिली पोफळ ढेकर देते, शेवटची उपाशी. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हणून तर मी पहिल्या आळ्याच्या तोंडाशी दगड लावते." मधली जवळजवळ चार शतकं बाजूला ठेवू, तत्त्व एकच.

ताजमहालात कारागीर याच्याही पुढे गेले. तिथं जमीन सपाट, शेजारी यमुना, आणि पाणी वर चढवायला बैल. दोराला बांधलेल्या चामड्याच्या मोटांनी ते ओढून उंचावरच्या टाक्यांत नेत, तिथून नळानं खाली. प्रत्येक हात उंची बैलांच्या घामानं विकत घेतलेली, म्हणजे उधळपट्टीला वावच नाही. तिथल्या प्रत्येक कारंज्याच्या खाली तांब्याचं एक भांडं पुरलेलं आहे. मुख्य नळ कारंज्याला जोडलेला नाही, भांड्याला जोडलेला आहे. आधी भांडी भरतात आणि मग सगळी कारंजी एकदम, एका उंचीनं उठतात. पाण्याचा धसमुसळेपणा आणि त्याच्याबरोबर आलेली हवा त्या भांड्यात निवते. बादशहा येताना पहिलं कारंजं उडतंय आणि पंधरावं अजून खोकतंय, असं चालणार नव्हतं.

हवेचा हा त्रास पुणेकरांना परका नसावा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात भुयारी नळ आणला, तोही निव्वळ उतारावर. लांबच्या नळात चढाच्या जागी हवा कोंडते आणि बूच बसल्यागत पाणी अडतं. त्यावर तोड म्हणून वाटेत ठिकठिकाणी उघडे धुराडेवजा मार्ग ठेवले, त्यांना नावच दिलं 'उच्छ्वास'. नळानं श्वास सोडायची जागा. शनिवारवाड्यातलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं आज कोरडं बघून लोक पुढे जातात. त्याच्यामागे हा सगळा व्याप होता, हे तिथं उभं राहून सहसा कुणी सांगत नाही.

परत निशातला येऊ, कारण उंची खर्च करायचा सर्वांत देखणा प्रकार राहिलाच. टप्प्याच्या कडेला पाणी आलं की दोन गोष्टी करता येतात. सरळ खाली पडू द्यायचं, किंवा तिरक्या बसवलेल्या दगडी फरशीवरून घसरवायचं. या फरशीला चादर म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर दगड गुळगुळीत नसतो. त्यावर नागमोडी किंवा माशाच्या खवल्यांसारखी उठावाची नक्षी खोदलेली असते. पाण्याचा पातळ थर प्रत्येक उंचवट्याला ठेचकाळतो, फाटतो, हवा पोटात घेतो आणि पांढराशुभ्र होतो. आषाढात घाटातला ओहळ जसा दुधासारखा दिसतो, तसा. मी बोटानं एक खवला चाचपला. वरची कड झिजून गोल झाली होती, खालच्या खाचेत मात्र दगड अजून धारदार होता. फरशी कलती असल्यानं खालून येणाऱ्या माणसाला जरीची ती पांढरी पट्टी पुरी दिसते आणि उन्हात चमकते. जेमतेम दोन बोटं जाडीचं पाणी, आणि थाट धबधब्याचा.

शालिमारमध्ये काही धबधब्यांच्या मागच्या भिंतीत ओळीनं छोटे कोनाडे आहेत, त्यांना चिनीखाना म्हणतात. दिवसा त्यात फुलदाण्या ठेवत, रात्री दिवे. समोरून पाण्याचा पडदा आणि त्यातून थरथरणारा उजेड. आपल्या देवळातल्या दीपमाळेसमोर कुणी पाणी सोडलं तर काय दिसेल, असा विचार करा. आज कोनाडे रिकामे असतात आणि त्यांत चिप्सची पाकिटं खोचणारे लोकही सापडतात.

आता थोडं राजकारण. उंची ज्याच्या ताब्यात, बाग त्याची. निशातबद्दल सांगतात की शाहजहाननं तिची तोंड भरून तारीफ केली, ती एकदा नव्हे तर तीनदा. आसफ खान 'आपलीच आहे, घ्या' म्हणेल अशी त्याची अपेक्षा. सासरेबुवा गप्प. चिडलेल्या जावयानं वरून येणारं पाणी बंद केलं, कारण शालिमारला जाणारा ओढाच निशातलाही पाणी पुरवत होता. एका दिवसात बाग मुकी झाली. मालकाचं उतरलेलं तोंड एका नोकराला बघवलं नाही, त्यानं परवानगीविना पाणी सोडलं आणि कारंज्यांचा आवाज ऐकून आसफ खान भीतीनं उडालाच. बादशहानं मात्र नोकराला माफ केलं आणि पाण्याचा हक्कही दिला. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण पाटाच्या पाण्यावरून दोन भावकींत कोर्टकचेऱ्या झालेल्या गावातल्या कुणालाही ती पटकन खरी वाटेल. आत्याला वाटलीच.

दंतकथेत पाणी तोडलं बादशहानं. लाहोरच्या शालिमारमध्ये ते रस्त्यानं तोडलं. १६४१-४२ मध्ये शाहजहाननं बांधलेली ही बाग तीन टप्प्यांची, ४१० कारंज्यांची. जागा सपाट, म्हणून पाणी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या कालव्यानं आणलेलं. कारंज्यांना दाब देणारे पाण्याचे हौद बागेच्या भिंतीबाहेर होते. १९९९ मध्ये शेजारचा ग्रँड ट्रंक रोड रुंद करताना त्या तीनपैकी दोन हौद पाडले गेले. आतली हिरवळ, संगमरवर, नक्षी सगळं जागच्या जागी, आणि बागेचं हृदय बाहेर रस्त्यावर काढून टाकलेलं. युनेस्कोनं २००० मध्ये ही बाग धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातली, ती २०१२ मध्ये त्या यादीतून बाहेर आली.

म्हणून जाणाऱ्यांना एकच सांगणं : फाटकाशी अडकू नका. मूळचा पाहुणा शिकारा नावाच्या होडीतून तळ्याच्या बाजूनं यायचा आणि पाण्याच्या विरुद्ध दिशेनं चढत जायचा, प्रत्येक भिंतीमागे पुढचा टप्पा लपलेला. तसंच चढा. वरच्या टोकाला पाणी बागेत कुठून शिरतं ते शोधा, मग पाण्याच्या सोबतीनं उतरा. एखाद्या टप्प्यावर थांबून वरची पातळी आणि समोरचं कारंजं यांच्यातलं अंतर नजरेनं मोजा. कारंजं त्या पातळीच्या खालीच थांबत असेल तर ते गुरुत्वाकर्षणाचं असू शकतं. वर निघून जात असेल, तर खुशाल समजा की जवळपास कुठंतरी मोटार घुरघुरतेय. दुपारनंतर गेलात तर सूर्य दलच्या बाजूला असतो, चादरींवर समोरून ऊन पडतं. आणि हरयाणातल्या पिंजोरला कधी गेलात तर गोंधळू नका. ती औरंगजेबाच्या काळातली फिदाई खानाची बाग, तिथं फाटक सर्वांत वरच्या टप्प्यावर आहे. तिथं आपण पाण्याबरोबर उतरतो.

आम्हाला परत यायला सात मिनिटं उशीर झाला. निशातचा सगळ्यात खालचा टप्पा काठाकाठानं गेलेल्या रस्त्यानं तोडलाय, बाग आणि तळं यांच्यामधून आता डांबरी सडक जाते. आमची बस तिथंच उभी होती. मॅनेजर घड्याळ दाखवत होता. आत्या दारात थांबली, वाकून चाकांच्या पलीकडे बघितलं.

"पाणी ह्याच रस्त्याखालनं तळ्यात जातं ना?"

"हो."

"मग ड्रायव्हरला म्हणावं, उद्यापास्नं जरा पुढं लाव. बरोब्बर मोरीवर उभी केलीय."